मुलगा असेपर्यंत सून

मी, निवृत्त न्यायाधीश, वय वर्षे एक्याऐंशी, डोळे अधू पण डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. निवाडेही असे रद्द करता आले असते तर बरे झाले असते.

१. बँकेतील ठेव, पुस्तके व भिंतीवरचे घड्याळ माझ्या सुनेस द्यावे. मुलगा जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून माझी औषधे, चष्मा आणि चिडचिड तीच सांभाळते. धाकट्या भावास काही देऊ नये. त्याने नेलेली आरामखुर्ची त्याला लखलाभ.

२. राहते घर मी तिला देऊ शकत नाही. ते भाड्याचे आहे. भाडेकरू वारल्यावर घर त्याच्या कुटुंबीयांकडे राहते, आणि कुटुंबीय कोण, हे मीच एका निकालात ठरवून ठेवले आहे. समोर एका भाडेकरूची विधवा सून उभी होती. मी पत्नी, मुले, आईवडील असे सांगत गेलो. लघुलेखकाने विचारले, "साहेब, सून राहिली का?" मी म्हणालो, "मुलगा असेपर्यंत सून. घाला तसंच." सगळे हसले. मीही स्वतःवर खूश झालो. त्या बाईंना घर सोडावे लागले. वरच्या न्यायालयाचा शब्द खालच्यांना पाळावाच लागतो, त्यामुळे त्या एका वाक्याच्या दाखल्यावर पुढे किती सुना बाहेर पडल्या, देव जाणे. परवा घरमालकाने त्याच निवाड्याची प्रत आमच्या दारात आणून दिली, अगदी नम्रपणे.

३. तो निवाडा चुकीचा होता. मला त्याची लाज वाटते. पण मृत्युपत्राने कायदा बदलत नाही. ते माझ्याहून मोठ्या न्यायपीठाचे काम. म्हणून सुनेने घर सोडू नये. घरमालकाचा दावा होऊ द्यावा, हरली तर वर अपिलात जावे. निळ्या फायलीत माझ्याविरुद्धचे सारे मुद्दे मी लिहून ठेवले आहेत. वकिलाने माझी भीडभाड ठेवू नये.

४. हे वाचून सुनेने विचारले, "बाबा, त्या बाईंचं नाव काय होतं?" निवाडा काढून पाहिला. शीर्षकात त्या बाईंच्या सासऱ्याचे नाव, पुढे 'व इतर'. त्या इतरांत आहेत. माझ्या सुनेने अपिलात स्वतःचे नाव पहिले घालावे.

स्थळ: घरमालकाचे घर
दिनांक: ९ जानेवारी
सही: निवृत्त न्यायाधीश

साक्षीदार:
१. शेजारच्या डॉक्टरीणबाई.
२. लघुलेखक, निवृत्त. तेच. सही करताना म्हणाले, "साहेब, तेव्हा मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं." मी म्हटले, "तुम्ही विचारलं होतंत."