कारण: थर्मल विभाग

४ मार्च, सोमवार

आजपासून संताप बंद. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मलाच तसं वाटलं म्हणून.

सकाळी ओतासिलियो साहेबांनी जाहीर केलं की आमचे मुख्य सिस्टिम्स इंजिनिअर ऑगस्टमध्ये निवृत्त होणार. जागा एक, नावं दोन. मी आणि थर्मल विभागाची झुलेयका. उपग्रहाच्या सगळ्या विभागांच्या अटी एकमेकींशी जुळतात की नाही, हे अकरा वर्षं मी बघतो. ती काय बघते? हीटर. तरी नावं दोन. डोक्यात तिडीक गेली, पण संताप बंद असल्यामुळे फक्त स्टेपलर आपटला.

७ मार्च

चाचणीच्या निर्वात टाकीत आमच्या पूर पाहणाऱ्या उपग्रहाची बॅटरी गारठून बंद पडली. कारण सापडलं नाही तर नोव्हेंबरचं उड्डाण हुकणार. झुलेयका पेन्सिल घेऊन चार हजार अटी ओळीने वाचायला बसली आहे. या काळात पेन्सिल!

मी साहेबांना म्हटलं, माणसं पक्षपाती असतात, हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेऊ. २४ एप्रिलच्या रिव्ह्यूच्या आत यंत्र तयार ठेवतो. साहेब म्हणाले, बघ. ‘बघ’ म्हणजे होकारच.

१३ मार्च, बुधवार

यंत्राला शिकवायला डेटा लागतो. झुलेयका आपल्या चाचण्यांच्या नोंदी द्यायला निघाली होती, पेटीभर. नको म्हटलं. पक्षपाती.

माझ्याकडे अकरा वर्षांच्या बुधवारच्या मीटिंगचे मिनिट्स आहेत. पाचशे अडतीस. प्रत्येक शब्द मी स्वतः लिहिलेला आणि खाली सगळ्यांच्या सह्या. बाराला दहा कमी असताना मीटिंग संपते, कागद फिरतो, दोन मिनिटांत सह्या होतात आणि सगळे कँटीनकडे पळतात, कारण बुधवारी घेवडा आणि डुकराच्या मांसाची फेजोआदा असते आणि उशीर झाला की पातेल्यात नुसता घेवडा उरतो. आजवर एकानेही एका ओळीला हरकत घेतलेली नाही. याहून शुद्ध डेटा अख्ख्या साओ जोझे शहरात मिळणार नाही.

२७ मार्च

यंत्र शिकलं. पहिला प्रश्न: बॅटरी का गारठली? उत्तर: ‘कारण: थर्मल विभागाची दिरंगाई. झुलेयका यांनी खुलासा द्यावा.’

डोळ्यांत पाणी आलं. यंत्राला ना राग ना लोभ, आणि तरी मी अकरा वर्षं जे म्हणतोय तेच ते म्हणालं. जेवताना बायकोला, मार्लेनेला, सांगितलं. ती म्हणाली, अगदी तुझ्यासारखंच बोलतं की. फार वर्षांनी तिच्या तोंडून कौतुक ऐकलं.

३ एप्रिल

यंत्राने चार हजार अटी सहा मिनिटांत वाचल्या. परस्परविरोधी अटी: शून्य. शेरा: ‘अटी उत्तम लिहिल्या आहेत.’ निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत, म्हणजे प्रश्नच नव्हता.

झुलेयका अजून निम्म्यावर. दुपारी येऊन विचारत होती की अट ४१७ आणि अट १९०२ कोणी लिहिल्या. यंत्राला विचार म्हटलं. ती हसली. असं हसणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. आला असता, म्हणजे.

११ एप्रिल

सरावासाठी जुने बिघाड विचारून पाहिले. अँटेना अडकली होती: थर्मल विभाग. संगणक आपोआप बंद पडला होता: थर्मल विभाग. सोलर पॅनेलला वाहतुकीत तडा गेला होता: थर्मल विभाग, पूर्वीही समज दिली आहे.

क्षणभर शंका आली. ट्रक तर मी ठरवला होता. मग लक्षात आलं की यंत्र माणसापेक्षा खोल बघतं. शंका घेणारे लोकच या देशाला मागे खेचतात.

२४ एप्रिल, बुधवार

सगळं सविस्तर लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

यंत्राने भर रिव्ह्यूत बॅटरीचं उत्तर दिलं. मग झुलेयका म्हणाली, “एवाल्दो, त्याला जरा विचार ना, मागच्या आठवड्यात गाडीतळाचं फाटक का अडकलं?”

विषयाला सोडून होतं. साहेबांनीच टाइप करायला लावलं. उत्तर आलं: ‘कारण: थर्मल विभाग. झुलेयका यांना तिसऱ्यांदा कळवण्यात आले आहे.’

खोली हसली. साहेब सोडून. त्यांनी विचारलं, हे शिकलं कशावरून? मी म्हटलं, मिनिट्सवरून, आणि त्यांवर हिचीसुद्धा सही आहे.

ती म्हणाली, “आहे ना. बाराला दहा कमी असताना तू कागद पुढे करायचास. पोटात कावळे ओरडत असताना कोण वाचतं रे? न वाचता सही केली, ती माझी चूक. पण लिहिलंस तू.”

मग तिने वहीतून दोनच ओळी वाचल्या. अट ४१७: बॅटरी कधीही शून्याखाली जाता कामा नये. अट १९०२: पृथ्वीच्या सावलीत वीज वाचवण्यासाठी सर्व हीटर बंद असले पाहिजेत. सावलीत हीटर बंद म्हटल्यावर बॅटरी गारठणारच. दोन्हींखाली माझी आद्याक्षरं.

दोन अटी लिहिताना मध्ये तीन वर्षं गेली होती. हे कोणी लक्षातच घेत नाही.

२५ एप्रिल

सगळ्यांचा कट आहे. स्टेपलर मोडला.

२९ एप्रिल

अट १९०२ बदलली. नोव्हेंबरचं उड्डाण वाचलं. जागा झुलेयकाला. यंत्र ठेवणार आहेत, कल्पना चांगली आहे म्हणतात. फक्त डेटा दुरुस्त करायचा. पाचशे अडतीस मिनिट्स चाचण्यांच्या नोंदींशी ताडून प्रत्येक बिघाडाचं खरं कारण लिहायचं. कोणी? मी. म्हणजे माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही, हे सिद्ध झालं.

८ मे, बुधवार

एकोणीस कागद झाले. कँटीनला गेलो नाही.

आज १७ ऑगस्ट २०१६ चा निघाला. त्याही उपग्रहाची बॅटरी गारठली होती. मी लिहिलंय: थर्मल विभागाने वेळीच सूचना दिली नाही. झुलेयकाच्या नोंदीत त्याच्या नऊ दिवस आधीची सूचना आहे, सावलीत हीटर लागेल म्हणून. मीटिंगमध्येही ती ते दोनदा बोलली होती. मला आठवतंय. कोणत्या खुर्चीवर बसली होती तेही आठवतंय. ऐकलं आणि लिहिलं नाही.

कारणाच्या रकान्यात माझं नाव घातलं. मग डोक्यात तिडीक गेली, आणि ती कोणावर काढायची तर खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.