मायक्रोवेव्हचं टिंग

रत्नागिरी, गुरुवार, १० डिसेंबर १९८७

वसंता, बरा आहेस ना रे? सूनबाईची कंबर कशी आहे? छोटीचा ताप उतरला? पत्रात विचारायचं तर इथलंही लिहावं लागेल, आणि मस्कतला तुझा जीव टांगणीला लागेल. म्हणून या वहीतच.

मला धूर सोसत नाही म्हणून तू आणलेला मायक्रोवेव्ह चांगला आहे हो. पेज चटकन तापते. पण तापली की टिंग वाजतं, आणि तुझे अण्णा खाटेवरून उठू बघतात.

"बेल वाजली गो! वसंता आला!"

"अहो, पेज तापली."

"थट्टा करतेस? दार उघड आधी!"

दार उघडून दाखवलं की वाटी ढकलून भिंतीकडे तोंड. दुखण्यापासून त्यांना काही उमगत नाही, रागावू तरी कशी? कालपासून पोटात अन्न नाही. चुलीशी बसले तर माझा दमा उठतो. इकडे आड, तिकडे विहीर.

आज पुन्हा ते टिंग. माझ्या तोंडून निघून गेलं, "आलाय, पाय धुतोय. तोवर पेज घ्या."

वाटी चाटूनपुसून संपवली रे! मग दाराकडे बघत बसले. अजून बघतायत.

उद्या काय सांगू? वसंता, दोन ओळी लवकर धाड. तेवढं तरी खरं सांगता येईल.