दाढेची जागा भरेपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य पालटलं. अक्कलदाढ निघाली तेव्हा नव्हे. ती तर आधीच निघून वाटीत पडली होती. डॉक्टरांनी हिरडीला तीन टाके घातले, दाबून धरायला कापसाचा बोळा दिला आणि हात धुता धुता सांगितलं की आता आठ दिवस बोलणं जवळजवळ बंद. तिथेच मी संपलो. फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही म्हणून हे पत्र.

बाबांना तर उघड आनंद झालाय. कॉलेज अर्धवट सोडून बाइंडिंगच्या कारखान्यात चिकटलेल्या मुलाचं तोंड एकदाचं बंद झालं, असं ते शेजाऱ्यांना सांगत होते. पण मला पंधरा तारखेच्या आत एकीशी बोलायचं आहे. आमच्याकडे छापील कागदांच्या घड्या शिवून त्यांचं पुस्तक करते ती. हातात सतत सुई, म्हणून सगळे तिला सुईच म्हणतात. पंधराला, शनिवारी सकाळच्या गाडीने ती दुसऱ्या गावी नोकरीला निघाली आहे, आणि गेल्या शनिवारी मी तिला सगळ्यांसमोर नको ते बोललो. तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नाही. ती मला किती आवडते हे लिहायला बसलो तर वही पुरायची नाही.

तू तीस वर्षं दातांच्या इस्पितळात नर्स होतीस. जखम लवकर भरायचा उपाय असेल तर कळव. मीही स्वस्थ बसलेलो नाही. काल दुपारपासून दर तासाला मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरतोय आणि जोर लावून थुंकतोय. जखम जितकी स्वच्छ तितकी लवकर भरणार, असा माझा हिशेब.

तुझी माया माझ्या उजव्या गालासारखी दिवसेंदिवस फुगत राहो.

तुझा,
तडतड्या

---

६ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि भरल्या ताटावरून उठून लिहायला बसले. बाबा रे, आधी त्या चुळा थांबव. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती घाण नव्हे, ते त्या जागेचं पांघरूण आहे. त्याच्याखाली हिरडी आपापलं काम करत असते. पहिला दिवसभर तिथे पाणीसुद्धा खळखळवायचं नाही, थुंकायचं नाही, नळीने ओढून काही प्यायचं नाही, जीभ लावून बघायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं घ्यायचं, मान इकडेतिकडे कलवायची आणि आपसूक बाहेर पडू द्यायचं. तू पांघरूण ओढून काढलं असशील तर खाली हाड उघडं पडेल, आणि मग दुखणं कानापर्यंत चढेल. तसं झालं तर मानी बनून घरात बसू नकोस, सरळ डॉक्टरांकडे जा. गोळ्या वेळेवर घे. गार, मऊ खा, आणि दुसऱ्या बाजूने खा.

हे सगळं त्या डॉक्टरांनी तुला कागदावर दिलं असणार. तो कागद तू कुठल्या खिशात घातलास ते शोध.

त्या मुलीबद्दल. ती कोण, कुणाची, दिसायला कशी, हे मी विचारत नाही. तू तिला काय बोललास ते विचारते. एक शब्द न गाळता लिही.

तोंड बंद, हात चालू. दोन्ही असेच राहोत.

तुझी,
आत्या

---

८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस उशिरा जन्मलं. परवा दुपारी ठणका सुरू झाला तो कान, कानशील, मान, सगळीकडे फिरून आला. मी गादीवर हात आपटत होतो. आईने जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध भरलं आणि विचारलं की कागद वाचला होता का. कागद पँटसकट धुवायला गेला होता. आता पुढच्या शुक्रवारपर्यंत तोंड बंदच. म्हणजे चौदा तारीख. मालक म्हणाले, खळ ओली असताना पुस्तक उघडून बघायची माझी खोड आता तोंडापर्यंत पोचली. त्या खोडीपायी मी आजवर किती पुस्तकांचे कणे वाकडे केलेत हे त्यांनी मोजून सांगितलं.

आता तू विचारलंस ते. तिने मला कॉलेजचा फॉर्म आणून दिला होता. राहिलेलं वर्ष बाहेरून पुरं करता येतं, म्हणाली. मी भडकलो. मालक आणि कटिंगवाले काका ऐकत असताना म्हणालो की जिने कॉलेजची पायरी पाहिली नाही, दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात जिचा जन्म जाणार, तिने मला शिकवू नये. बस, एवढंच. आत्या, तिला शिकायचं होतं. घरी भावंडं होती म्हणून राहिलं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो.

काल मी गालाला रुमाल बांधून खळ लावत होतो. ती समोर शिवत होती. फार वेळाने तिने खाली बघतच विचारलं की फार दुखतं का. मी मान हलवली. मग ती सांगत गेली. फॉर्म माझ्यासाठी आणायला गेली तेव्हा तिने एक स्वतःसाठीही आणला होता. नवीन गावी काम संध्याकाळी पाचला सुटतं, तिथे पहिल्या वर्षापासून सुरुवात करणार आहे. त्या दिवशी तिला मला हेच सांगायचं होतं, पण मी पहिल्याच वाक्याला उसळलो. माझी जीभ शिवशिवत होती, टाके ओढले जात होते, पण गप्प बसलो. शेवटी ती म्हणाली की दोन वर्षांत तिचं बोलणं माझ्यापुढे आज पहिल्यांदा पुरं झालं. आणि उठून गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

मी माफीची चार पानं लिहिली आहेत. देऊ का?

गाल उतरला तरी तुझा लोभ उतरू नये.

तुझा,
तडतड्या

---

११ फेब्रुवारी

चि. तडतड्यास,
अ. उ. आ.

चार पानं फाड. तोंडाने बोललास, माफीही तोंडानेच माग. ज्यांच्यादेखत बोललास त्यांच्यादेखत माग. एक वाक्य पुरे, आणि त्यात ‘पण’ आणू नकोस. तुझे आतोबा चाळीस वर्षांत एकदाच माझी माफी मागायला आले आणि मध्ये ‘पण’ घातला. तो ‘पण’ अजून चालू आहे.

वाचून तुझा राग आला होता. जवळ असतास तर चांगल्या गालावर एक दिली असती. मग ‘ठाऊक होतं म्हणूनच बोललो’ हे वाचलं. असं कबूल करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत, निदान आपल्या घराण्यात तरी नाहीत.

औषध बदलायला चुकू नकोस. जबडा आखडला असेल तर दोन बोटं मावतील इतपतच उघड, जबरदस्ती नको.

इकडे आम्ही ठीक. तू शांत राहा, म्हणजे आम्ही आणखी ठीक.

तुझी,
आत्या

---

१५ फेब्रुवारी, सकाळी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल टाके निघाले. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं. खड्डा आहे अजून, पण कडांनी गुलाबी हिरडी आत सरकतेय. पुरता भरायला काही आठवडे लागतील, म्हणाले, आणि त्यात मी काही करायचं नाही. तसाच धावत कारखान्यात गेलो, तर सामान बांधायला म्हणून ती सुट्टीवर. तिच्या घरी जाऊन बोलून टाकावं असं दहादा मनात आलं. पण तिथे मालक नव्हते, काका नव्हते. तू म्हणालीस तसं झालं नसतं.

आज दोघंही तिला पोचवायला स्टँडवर येणार आहेत. गाडी अकराची. वाक्य तयार आहे: मी बोललो ते नीच होतं, आणि ते तुला लागावं म्हणूनच बोललो होतो. ‘पण’ नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं, जबडा दुखतो, तरी पुरं म्हणता येतं.

ती मला आवडते, हे आज सांगणार नाही. रात्रभर तेच सांगायचं ठरवत होतो. पण माफीच्या मागोमाग ते म्हटलं, तर ती माफी राहत नाही, मागणं होतं. तिला जाताना माझ्या मागण्याचं ओझं नको. जाऊ नकोस असंही म्हणणार नाही. तिने पत्र पाठवलं तर उत्तर लिहीन. नाही पाठवलं तर तुला लिहीन, तू सोस.

फॉर्म टेबलावर आहे. कोराच. तिच्यासाठी भरला तर उद्या अभ्यासाला कंटाळून तिच्यावरच चिडेन, एवढं मी मला ओळखतो. ते माझं मी बघेन.

भीती वाटतेय, आत्या. ती ऐकून घेईल आणि काहीच न म्हणता गाडीत बसेल. तसं झालं तरी गप्प राहायचं, एवढं ठरवलंय.

साडेदहा होत आले. आतोबांना नमस्कार. तुझ्या रागातही लोभ राहावा, एवढीच इच्छा.

तुझा,
तडतड्या

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. बाबांनी विचारलं कुठे चाललास. एरवी मी फणकारलो असतो. आज खरं सांगितलं. ते चष्मा काढून बघत राहिले. आता चपला घालतोय. पत्र वाटेत पेटीत टाकेन. दार आपटत नाही, नुसतं ओढून घेतोय.