गच्चीवरचे कोरे टायर

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

पुढच्या डाव्या टायरची नक्षी १.७ मिलिमीटर उरलीय. १.६ ला टायर बाद. चारही बदलायचे — यावर घरात एकमत झालं. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

९ नोव्हेंबर

सासऱ्यांनी गच्चीवरून चार टायर खाली आणले. कल्याणचं एक दुकान बंद होत होतं तेव्हा उचललेले. रबराचे बारीक काटे अजून शाबूत. त्यातला एक माझ्यासमोर बोटाने वाकवून दाखवला. "एक किलोमीटर चालला नाय. कोरा हाय."

कडेला छाप: २२१८. म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. सात वर्षं उन्हापावसात. आमच्या हळदीला पोरं यांच्यावरच बसली होती! अल्बममधला तो फोटोच पुढे ठेवला. सासूबाई म्हणाल्या, किती छान दिसत होतीस गं. विषय संपला.

११ नोव्हेंबर

वागळे इस्टेटच्या आमच्या लॅबमधून रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र घरी आणलं. चांगला टायर पासष्टच्या आसपास दाखवतो. हे चार: ८१, ८०, ८२, ८१. बाजूला केसासारख्या चिरा. आकडे कागदावर लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवले. सासऱ्यांनी त्या कागदावर कोळंबीची सालं टाकली. मुद्दाम.

विनीतला म्हटलं, माझा नवरा म्हणून नको, गाडीत बसणारा माणूस म्हणून तरी वाच. तर म्हणे बाबांना चारचौघांत खोटं पाडू नकोस. कसले चारचौघं? घरात मोठी माणसंच चार.

१५ नोव्हेंबर

मी कामावर असताना सासऱ्यांनी शहाडच्या टायरवाल्या नाथाकडून तेच चार बसवून आणले. नाथाला फोन केला. तो म्हणतो, मॅडम, मी शेठना बोललेलो, माल जुना आहे. मग बसवलेस कशाला? त्याने फोन ठेवला.

सासूबाईंनी चारही टायरांना हळदकुंकू लावलं, खाली लिंबं ठेवली. लिंबं फुटली. सगळ्यांना बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

रविवारी, तेवीसला, प्रेमचं जावळ — कार्ल्याला, एकवीरेच्या पायाशी. माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. गाडीत आम्ही पाच, नणंद करिश्मा, तिचा नवरा. सात जण, वर सामान, एक्सप्रेसवे, शंभरचा वेग. असल्या रबराचा थर गरम झाला की सुटतो. कधी, ते कोणी सांगू शकत नाही.

प्रेम या गाडीत बसणार नाही, असं आवाज न चढवता सांगितलं. सासरे म्हणाले, "मग तू नको येऊ. नातू माझा हाय, तो येईल."

नव्या टायरचे पैसे मी देते म्हटलं. ही चूक झाली.

"इंजिनेर बाई, तुझ्या पगारावर आमची गाडी चालत नाय."

२० नोव्हेंबर

भाड्याची गाडी ठरवली होती. विनीतने परस्पर फोन करून रद्द केली. म्हणे, देवीला घरच्याच गाडीने जायची रीत आहे. मुलगा कोणाच्या घरचा, हे विचारणार होते. नाही विचारलं. त्याचं उत्तर मला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर

प्रेमला घेऊन नौपाड्याला आईकडे आले. विनीतचे सहा मिसकॉल. मग मेसेज: उद्या सकाळी बाबा स्वतः न्यायला येतायत.

येऊ देत. दार उघडणार नाही.

२२ नोव्हेंबर

सकाळी सातला सासऱ्यांचा फोन. मला वाटलं, इमारतीखाली आलेत. खालापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभे होते. पहाटे पाचला एकटेच कार्ल्याच्या वाटेला लागलेले. मागे सिमेंटची सहा पोती टाकली होती. आम्हा बाकीच्यांच्या वजनाची. मागच्या उजव्या टायरचा थर सोलून निघाला, गाडी कठड्याला घासत गेली. हाताला थोडं लागलंय, म्हणाले. मागून ट्रक जात होते.

"पोराला बसवायच्या आधी बघावा म्हटला. घरी सांगू नको. कुठला टायर घ्यायचा तो लिहून ठेव."