इकडील क्षेम

३ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तुझे कळव.

दोन वर्षांपूर्वी मांडीत बसवलेल्या कापडी नळीतून रक्त चोख वाहते आहे. पूर्वी पन्नास पावलांत पोटरी धरायची. आता खुर्चीमागे उभा राहून आठ-दहा डोकी सहज उरकतो. मध्यंतरी जांघेत, जुन्या टाक्यांजवळ गळू आलं. वस्तरा घरचाच, तेव्हा उकळून मीच फोडलं. तुझी वहिनी म्हणाली, गिऱ्हाइकांचे कान पुरले नाहीत वाटतं. थोडा पू येतो, थांबेल. रजा काढून धावत येऊ नकोस. इस्पितळाच्या चादरी तुझ्यावाचून कोण धुणार?

लोभ आहेच, तो चादरींबरोबर धुऊन टाकू नकोस.
दादा

९ जून

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हातातला गठ्ठा खाली ठेवला आणि आमच्या इथल्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना गाठलं. वस्तऱ्याने फोडलं, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. ते गळू नसावं, म्हणाले. नळीलाच जंतू लागले असावेत. कापडाच्या विणीत ते चिकट थर करून बसतात, तिथे औषध पोचत नाही. मळलेली चादर मी उकळून काढतो, तुमच्या मांडीतलं कापड कसं उकळू? ती नळी काढावीच लागते. तिच्या जागी दुसऱ्या पायातली तुमचीच शीर जोडतात, मग कित्येक आठवडे सुईतून औषध. उशीर झाला तर नळीचा सांधा सुटतो आणि रक्त आवरत नाही.

दादा, देवापुढे खोटं बोलू नये हे मला तुम्हीच शिकवलंत. पत्राच्या पहिल्या ओळीतही बोलू नये. क्षेम नसेल तर लिहू नका. मी निघू का?

कृपा जवळ असावी, वस्तरा दूर असावा.
आपला,
धाकटा

१७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. नळीभोवती पू आहे. तुझे डॉक्टर बोलले तेच हेही बोलले, वर म्हणाले, शीर जोडूनही पाय जाऊ शकतो. लगेच दाखल व्हायला सांगत होते, मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. एका पायावर तोल सावरणाऱ्या न्हाव्यापुढे कोण गळा धरील रे? काल पट्टीवर लाल ठिपका दिसला. वहिनीला दाखवला नाही, तूही कळवू नकोस. येऊ तर मुळीच नकोस.

लोभ आहे तसा राहू दे.
दादा

२७ जून

भाऊजींस,
सा. न. वि. वि.

गेल्या शनिवारी हे दुकानात मास्तरांची दाढी करत होते. अर्धा गाल झाला आणि यांची विजार एकाएकी रक्ताने भिजली. यांनी आधी वस्तरा मिटून बाजूला ठेवला, मग खाली बसले. मास्तरांनी जांघेत टॉवेल दाबून धरला तो इस्पितळाच्या दारापर्यंत सोडला नाही. त्यांच्या गालावरचा साबण तिथे जाऊन वाळला.

नळी काढली, शीर जोडली, पण पावलापर्यंत रक्त पोचेना. चौथ्या दिवशी पाय मांडीतून कापला. औषध चालू आहे, ताप हटत नाही. वाचतील ना, असं रोज विचारते. डॉक्टर म्हणतात, आधी ताप उतरू दे.

ठिपक्याचं तुम्हाला लिहिलं होतं, हे यांनी काल सांगितलं. भाऊजी, पट्ट्या मीच धुते. ठिपका मी यांच्याही आदल्या दिवशी पाहिला होता. यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसले.

कागद यांच्यापुढे धरते आहे. खालचं अक्षर यांचं आहे, लागतं का पाहा.

इकडे क्षेम नाही. तू ये.