वह्यांवरचं दुसरं नाव

ती. ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

बाबांच्या शिंपल्यांच्या नोंदींच्या आणि चित्रांच्या अकराही वह्या संग्रहालयाच्या ग्रंथालयाने ठेवून घेतल्या. ग्रंथपालबाईंनी आज सकाळी स्वतः सांगितलं. कसर मरावी म्हणून सध्या त्या शीतपेटीत आहेत. जन्मभर कानटोपी घालणाऱ्या बाबांच्या नशिबी हे!

मी रोज कामावरून सुटलो की ग्रंथालयात दुसरं काहीबाही वाचत बसतो. जेवण वेळेवर होतं. तुझ्या हाताची सूज उतरली का? डॉक्टरांकडे गेलीस की नुसतीच शेकत बसलीस?

एक चूक कबूल करतो. अर्जात चित्रकार म्हणून मी सवयीने बाबांचंच नाव लिहिलं. वह्या पेटीत ठेवण्याआधी बाई त्या भिंगातून बघत म्हणाल्या, "अक्षर उजव्या हाताचं, पण चित्रातल्या तिरप्या रेघा डाव्या हाताच्या. घरात डावरं कोण होतं हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "चित्रं माझ्या ताईची."

आता "माझं नाव कशाला" म्हणू नकोस. बाबांनी ते कधी लिहिलं नाही, मीही तेच केलं. बाईंनी संग्रहाच्या यादीत चित्रकाराच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. सोबतच्या कागदावर सही करून लगेच पाठव. सोमवारी यादी छापायला जाणार आहे.

तुझाच,
धाकटा