शेपटीकडे तोंड करून बसलेला बगळा

बाबा, म्हशीवरच्या बगळ्याची ती गोष्ट मी मनानेच ठोकून दिली होती. तुम्ही होतात तेव्हा सांगायला तोंड झालं नाही, आणि आता सांगतेय तर ऐकायला तुम्ही नाही. इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की आधी हेच आठवतं.

कामतघरच्या दवाखान्यात तुमचा एक नियम होता. पेशंटने जीभ दाखवायची, छाती तपासून घ्यायची आणि औषध हातात पडण्याआधी डॉक्टरला एक तरी नवी गोष्ट शिकवायची. शाळेतून आले की मी आतल्या बाकावर डबा खात ऐकायचे. लूमवाले चाचा खोकत खोकत म्हणतात, "डॉक्टरसाब, आज आप को टूटा धागा जोडना सिखाता हूँ," आणि तुम्ही स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून दोन बोटांत सूत धरता. बाहेर रांग खोळंबलेली. अंबाडीकडची आदिवासी म्हातारी तर तुम्हाला सरळ झापते, "एवढा शिकलास न् तुला ठाव न्हाय? शेवळांच्या रानभाजीत आंबट काकडं टाकाय लागतात, न्हायतर घसा खाजतो!" तुम्ही लगेच वही ओढता. एका बाजूला गोष्ट, दुसऱ्या बाजूला शिकवणाऱ्याचं नाव, आणि त्या रकान्यावर तुमच्या त्या अगम्य डॉक्टरी अक्षरात 'गुरू'. सही करता न येणाऱ्या म्हातारीचंही नाव त्यात. मला तेव्हा लाज वाटायची. इतर डॉक्टरांच्या घरी फ्रीज आले, आपल्या घरी वह्या.

मग आई गेली, तुमचे हात थरथरायला लागले आणि तुम्ही दवाखाना बंद केलात. पेशंट नाहीत म्हणजे शिकवणारंही कुणी नाही, हे नंतर तुमच्या लक्षात आलं असणार. मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवत होते, म्हणजे तुमच्या लेखी माझ्याकडे नव्या गोष्टींना काय कमी! दर शुक्रवारी तुमचा फोन. शुक्रवारी लूमची सुट्टी, आजूबाजूच्या मागांची खटखट थांबलेली, म्हणून तेवढ्या दिवशी तुम्हाला माझं नीट ऐकू यायचं. तब्येतीची चौकशी नाही, जेवलीस का नाही, थेट सवाल, "काय गं, या आठवड्यात नवीन काय?"

त्या शुक्रवारी माझ्यापुढे पहिल्या चाचणीच्या पेपरांचे गठ्ठे होते. डोकं उठलेलं. तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, "म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो ना बाबा, तो कायम शेपटीकडे तोंड करून बसतो. बघा तुम्ही." का सुचलं, देव जाणे. तुम्ही एकदम खूश होऊन, "अरे वा! सत्तरी उलटली तरी हे मला कुणी सांगितलं नाही." मी हसत फोन ठेवला. आठवडाभर सुटका झाली म्हणून बरंही वाटलं.

दिवाळीला आले तर तुमच्या नाकावर नवा चष्मा. "जुन्याला काय धाड भरली?" मी विचारलं. "लांबचं नीट दिसत नव्हतं गं." "या वयात लांबचं बघायचंय काय एवढं?" तुम्ही हसलात आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवलीत. मी मेली चिवडा खात बसले.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. घर आवरताना शेवटची वही हाती लागली. गोष्ट बगळ्याची, गुरूच्या रकान्यात 'माझी लेक'. खाली तुम्ही थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: 'शेलार गावी रिक्षाने. तबेल्यापाशी बसलो. चार बगळे. तीन डोक्याकडे, एक आडवा.' मग पुढच्या आठवड्यात: 'आज सगळे डोक्याकडे. अंतरामुळे डोकं-शेपूट कळत नसावं.' असं पानभर, आणि शेवटी: 'लेक विज्ञान शिकवते, ती चुकायची नाही. नजर कमी झालीय. डोळे तपासून घेणे.' जन्मभर दुसऱ्यांचे रोग हुडकलेत बाबा, आणि माझ्या थापेचं खापर आपल्याच डोळ्यांवर फोडलंत! तिथेच फरशीवर बसून मी ओक्साबोक्शी रडले.

आता मीही रिटायर झालेय. घरात बोलायला कुणी नाही. जुने विद्यार्थी भेटले की थांबवून विचारते, काय रे, नवीन काय? ते घड्याळ बघतात. मी ओळखते ते बघणं. गेल्या महिन्यात शेलारला जाऊन आले. सगळीकडे गोदामं झालीत, म्हशी कमी, पण एक दिसली. पाठीवर बगळा, तोंड डोक्याकडे. एकदा तरी वळ मेल्या, असं म्हणत ऊन चढेपर्यंत उभी राहिले. नाही वळला.

हे पत्र त्याच वहीत, त्याच पानावर ठेवतेय. गुरूच्या रकान्यातली 'माझी लेक' खोडायला हात धजत नाही. आणि वर एक खोटं लिहिलंय, तेही निस्तरते. त्या शुक्रवारी माझ्यापुढे पेपर नव्हतेच. ते आदल्या दिवशीच तपासून झाले होते. मी नुसती चहा पीत बसले होते.